पाचोळा पेटवू नका, आम्हाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या रोज सकाळी सहा-साडेसहाला आमच्या गल्लीत पाचोळ्याचे ढीग पेटतात. बदाम, कडुनिंब, सोनमोहर यांची पानगळ चालू आहे. लोक अंगण झाडतात, ढीग कोपऱ्यात लोटतात आणि काडी लावतात. हाच पाचोळा मी गेली तीन वर्षं गोणी घेऊन मागत फिरते, म्हणून हे पत्र.

मी सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, चार घरी पोळ्या लाटते. दारापुढचा सहा बाय चार फुटांचा ओटा, तेवढीच माझी बाग. पहिल्या वर्षी हौसेने नर्सरीतून तयार मातीची दोन पोती आणि सहा कुंड्या आणल्या. साडेआठशे रुपये गेले, म्हणजे एका घरचा अर्ध्या महिन्याचा पगार. उन्हाळ्यात ती लाल माती विटेसारखी आवळली, पाणी कडेकडेने निघून जायचं, मिरचीची रोपं पिवळी पडून गेली. फार वाईट वाटलं.

मी पोळ्यांना जाते त्या एका घरच्या आजोबांनी तेव्हा मला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांबद्दल सांगितलं. शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या गटातून त्यांनी पालापाचोळ्यापासून माती घडवायला लोकांना शिकवलं. त्यानंतर मी मातीवर एक रुपया घातलेला नाही.

वडापावच्या गाडीवरचे तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे तीस रुपयांना एक असे घेतले. तळाला खिळ्याने आठ-दहा भोकं पाडली, गंजू नयेत म्हणून विटांच्या तुकड्यांवर ठेवले. तळाशी रसवंतीवरची चिपाडं. ती ओली घातली की गोडीला मुंग्या येतात (माझा एक डबा असाच गेला), म्हणून आठवडाभर कडक उन्हात वाळवायची. वर पाचोळा, मूठभर जुनी माती, भाजीचे देठ-साली, पुन्हा पाचोळा. ओला कचरा एक ओंजळ तर पाचोळा तीन ओंजळी. पाचोळा कमी पडला की वास सुटतो, अळ्या होतात. बदामाचं पान जाड असतं, ते गोणीत भरून पायाने तुडवायचं. अधूनमधून ताकाच्या भांड्याचं धुवण शिंपडायचं. दोन-अडीच महिन्यांनी डब्यात हात घातला की एखाद्या पानाची शीर तेवढी हाताला लागते, बाकी सगळं काळं, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसाचा. तोवर डबा निम्मा खाली बसलेला असतो. तो परत भरायला परत पाचोळाच लागतो.

बियाणं स्वयंपाकघरातलंच. वाटीने रगडून दोन फाकी केलेले धने, मेथीदाणे, वाळक्या मिरचीतलं बी, कोंब फुटलेलं आलं, जुडीतल्या पुदिन्याच्या काड्या. मेथी बाविसाव्या दिवशी खुडली, एका डब्यात तिघांची एक वेळची भाजी झाली. गेल्या पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी चाळीस रुपयांवर गेली, तेव्हा मला ती विकत घ्यावी लागली नाही. गवती चहा तर शेजारच्या चार घरांना पुरतो.

उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई घ्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे. पण मला कुणाला दंड व्हायला नको आहे. शेजारच्या आजींना दमा आहे, धूर झाला की त्या दारं-खिडक्या लावून बसतात, तो त्रास थांबावा. आणि महापालिकेने प्रत्येक प्रभागात, बागेच्या एका कोपऱ्यात तारेच्या जाळीचा एक हौद करावा. झाडलोट करणाऱ्यांनी सुका पाला घंटागाडीत न घालता तिथे टाकावा, ज्याला हवा त्याने न्यावा. जाळी आणि चार खांब, एवढाच त्याला खर्च.

तोवर माझी वाचकांना विनंती आहे, पाचोळा गोणीत भरून फाटकाबाहेर ठेवा. माझ्याकडे सहा डबे रिकामे आहेत, आमच्याच चाळीतल्या दोघींनी आणखी चार घेतलेत. पावसाआधी ते भरायला हवेत.

आपली,
एक वाचक, सांगली