क्वालालंपूर टाकायचं का मधे? (पक्याला पत्र)

प्रिय पक्या,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळे सिंगापूरला येताय हे वाचून मीनल तर नाचायचीच बाकी होती. आईला फोन करून सांगितलंय, ती फराळाचा डबा तुझ्याकडे आणून देईल, चकल्या वरच्या बाजूला ठेव म्हणजे झालं. पण तू शेवटी जे हळूच विचारलंयस ना, "मधे दोन दिवस क्वालालंपूर टाकू का?", त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना म्हणून हे लांबलचक लिहितोय. आम्ही नुकतेच एका वीकेंडला जाऊन आलो. वाईट काही नव्हतं रे, पण कोणी विचारलं कसं होतं, तर "ठीक होतं" च्या पुढे गाडीच जात नाही.

मुळात दोन दिवसांतला बराचसा वेळ जाण्यायेण्यातच जातो. आम्ही शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बस पकडली. सिंगापूर आणि मलेशियाच्या मधे तो कॉजवे आहे, म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेला रस्ता, १९२४ सालचा, लांबी म्हणशील तर जेमतेम एक किलोमीटर, पण शुक्रवारी संध्याकाळी अख्खं सिंगापूर त्याच्यावर असतं. आधी इकडे उतरा, पासपोर्ट दाखवा, परत बसमध्ये बसा, मग पलीकडे जोहोर बाहरूला सगळ्या बॅगा घेऊन पुन्हा उतरा, मग त्या गर्दीत आपली बस कुठली ते शोधा. पुढे साडेतीनशे किलोमीटर, रस्ता मात्र मक्खन, पण अंधारात दिसतं काय तर पामतेलाच्या झाडांच्या रांगा. पोचलो तेव्हा रात्र संपत आली होती. विमानानं तासाभरात जाता येतं हे खरंय, पण तिथला विमानतळ गावापासून पन्नासेक किलोमीटर लांब, त्यामुळे तिथेही फार काही वाचत नाही.

हॉटेलच्या फोटोत सिटी व्ह्यू होता. खिडकी उघडली तर समोरच्या बिल्डिंगचे एसीचे डबे. लिफ्टमध्ये ड्युरियन आणायला बंदी म्हणून फळाच्या चित्रावर लाल फुली, आणि मीनल म्हणे वास तर येतोच आहे, मग बंदी कुणाला.

मग ते पेट्रोनास ट्विन टॉवर. १९९८ ते २००४ जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग, ४५२ मीटर, मधला पूल ४१ आणि ४२ व्या मजल्यावर, पण त्या दिवसाची वर जायची तिकिटं संपलेली. म्हणून खालूनच बघितले. रात्री दिवे लागले की दिसतात भारी, ते मान्य. पण बघून बघून किती वेळ बघणार, दहा मिनिटांत मान दुखायला लागते. खाली पोरं मोबाईलला लावायची वाइड अँगल लेन्स विकतात, एकानं आमचा फोन घेऊन जमिनीवर आडवं पडून फोटो काढला, त्यात टॉवर पूर्ण आले पण मीनलचं तोंड भोपळ्यासारखं झालंय, तो फोटो डिलीट करायची धमकी मला रोज मिळते. टॉवरच्या पायथ्याशी मॉल. मॉलमध्ये तीच दुकानं जी आमच्या घरापासून चार स्टेशनांवर आहेत. खरी गोची इथेच आहे बघ, सिंगापूर बघून झाल्यावर हे शहर म्हणजे तेच जरा पसरलेलं आणि जरा विस्कटलेलं वाटतं, आणि तुम्ही तर आमच्याकडे आधी पाच दिवस हेच बघणार.

चालायचं म्हणशील तर विसर. मॅपवर आठशे मीटर दिसतं, मधे सहा लेनचा रस्ता येतो आणि फुटपाथ गायब. मोनोरेलला जायला सेंट्रल स्टेशनमधून बाहेर पडून अख्खा मॉल पार करावा लागतो. दुपारी पाऊस आला तो असा की छत्री असून नसल्यासारखी, मग आम्ही पुन्हा मॉलमध्ये. पेटालिंग स्ट्रीटला नकली पर्सा आणि घड्याळं, तुळशीबागेत भाव करणाऱ्या माणसाला तिथे काही थ्रिल नाही.

एक गोष्ट मात्र आवडली, बाटू केव्ह्ज. सेंट्रलवरून लोकल थेट पायथ्याशी सोडते. चुनखडीचा मोठा डोंगर, समोर मुरुगनचा, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचा, सोनेरी पुतळा, जवळजवळ ४३ मीटर, आणि शेजारून २७२ पायऱ्या, त्या २०१८ साली रंगवल्या, तेव्हापासून लोक देवापेक्षा पायऱ्यांचेच फोटो काढतात. गंमत बघ, आपल्याकडे बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घेऊ नये म्हणतात, आणि इथे सिल्कच्या साड्या नेसलेल्या, केसांत हा भला थोरला गजरा माळलेल्या तमिळ बायका अनवाणी भराभरा वर चाललेल्या, कडेवर मुंडण करून डोक्याला चंदन फासलेली पोरं. मीनल म्हणाली माझ्या आजीला हे दाखवायला पाहिजे होतं. शॉर्ट्स घालून आलेल्या गोऱ्या बायकांना खाली कंबरेला गुंडाळायला कापड भाड्यानं देतात. माकडं महाबिलंदर. एकानं माझ्यापुढच्या काकांच्या हातातली ज्यूसची बाटली घेतली, पायरीवर बसून झाकण दातानं फिरवून काढलं आणि शांतपणे प्यायला, काका बघत राहिले. वर गुहेचं छत एका ठिकाणी उघडं आहे, तिथून उजेड खाली येतो, आणि एवढ्या गर्दीतही जरा गार वाटतं.

आणि ब्रिकफील्ड्समधला, म्हणजे तिथल्या लिटिल इंडियातला, नाश्ता. रोटी चनाई म्हणजे पापुद्रे सुटलेला पराठा, सोबत पातळ डाळ, आणि उंचावरून ओतून फेस आणलेला चहा. दोनदा मागवली. रविवारी दुपारी परत बस, परत कॉजवे, सोमवारी ऑफिसात मी जांभया देत होतो.

तर माझं ऐकशील तर क्वालालंपूर सोड आणि मलाक्का कर. त्याच रस्त्यावर आहे, पण बरंच अलीकडे. गाव छोटं, नदीकाठानं पायी फिरता येतं, जॉन्कर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार असतो. आणि टेकडीवर सेंट पॉल चर्चचे अवशेष आहेत, आपण जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये ज्यांची चांदीची पेटी बघितली ना, त्या सेंट झेवियरना १५५३ मध्ये आधी तिथे पुरलं होतं, मग गोव्याला नेलं. तुझ्या पोराला इतिहासाची आवड आहे, त्याला मजा येईल. तुम्ही येत असाल तर आम्हीही येतो, मीनलनं सुट्टी टाकूनसुद्धा ठेवलीय.

फक्त मलेशियासाठी डिजिटल अरायव्हल कार्ड तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते चौघांचंही नीट बघ, नाहीतर जाशील आरामात आणि परत येताना बोंब. वहिनींना विचारून रविवारी फोन कर.

तुझा,
संज्या