गिरगावच्या कंपोझिटर काकांना

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचा विषय काढता. म्हणून हे पत्र. उघडंच लिहितेय, कारण तुमच्या गॅलरीत बसून स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ, शिकलेली चाळीतली पोरं आता चहूकडे पांगली आहेत. त्यांच्याही नजरेस पडावं.

आम्ही सगळी मराठी माध्यमाची. इंग्रजी शब्दाचा अर्थ माहीत हवा, उच्चार पक्का हवा, नाहीतर तोंड उघडायचं नाही, हे आमच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की बोर्डावर ‘कॅट’ आणि ‘डॉग’च्या पुढे कुणी जायचंच नाही. तुम्ही टाइल्सना ‘खिळे’ म्हणायचात आणि सांगायचात, “अर्थ नंतर बघू गं. आधी जुळव.”

तुमची उभी हयात छापखान्यात गेली. इंग्रजी निकालपत्रं, कंपन्यांचे अहवाल, सगळं हाताने जुळवलेलं, छपाईच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचत. त्यातलं निम्मं कळत नसे, हे तुम्हीच सांगायचात. पण कुठल्या अक्षरामागे कुठलं येणार हे बोटांना ठाऊक असायचं. टाइपाच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, ई चं घर सगळ्यात मोठं असतं हे तुमच्याकडून कळल्यावर शंभर टाइल्समध्ये ई बारा का, हे वेगळं विचारावं लागलं नाही. हा खेळ काढणारा आल्फ्रेड बट्स अमेरिकेतला वास्तुविशारद. मंदीत काम गेलं तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून कुठली अक्षरं किती ठेवायची ते ठरवलं. ही गोष्ट मी तुम्हाला वाचून दाखवली तर तुम्ही म्हणालात, “मोजत कशाला बसला? एखाद्या कंपोझिटरला विचारायचं.” एस मात्र बट्सने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दाच्या शेपटीला एस लावून मोकळा झाला असता.

तुम्ही उत्तर कधीच सांगितलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. एकदा माझ्या रॅकवर, म्हणजे हातातल्या सात टाइल्स मांडायच्या पट्टीवर, ए, ई, जी, आय, एन, एस, टी अशी अक्षरं होती. मी ‘गेट’ लावायला निघाले. तुम्ही माझा हात थांबवलात आणि आय, एन, जी या तीन टाइल्स बोटाने उजव्या टोकाला सरकवल्यात. एवढंच. मग डावीकडे उरलेल्या चारांकडे बघत बसलात, जणू रॅक तुमचाच आहे. एस-ई-ए-टी झालं: सीटिंग. तीच चार फिरवली, ई-ए-एस-टी: ईस्टिंग. पुन्हा फिरवली, टी-ई-ए-एस: टीझिंग, कारण टीझच्या शेवटचा ई आयएनजी लागला की गळतोच. सातही टाइल्स एका खेळीत उतरल्या की पन्नास गुण जादा मिळतात, हे तोवर मला नुसतं नियम म्हणून माहीत होतं.

तेव्हापासून मी शब्द पुढून शोधणं सोडलं. आधी शेपूट बघायची: आयएनजी, ईडी, ईआर, टीआयओएन, एनईएसएस. मग डोकं: यूएन, आरई. मधे जे उरतं ते बहुतेकदा ओळखीचंच निघतं. आणि सातापैकी सहा टाइल्स एस, ए, टी, आय, एन, ई असतील तर सातवी जवळजवळ कुठलीही चालते. डी आला तर ‘इन्स्टेड’, एम आला तर ‘इन्मेट्स’, आर आला तर ‘रिटेन्स’, व्ही आला तर ‘नेटिव्ह्ज’, अगदी झेड आला तरी ‘झेनिएस्ट’. ही सहा अक्षरं तुम्ही मला वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिली होतीत. पुठ्ठा गेला, अक्षरं काही जात नाहीत.

लांब शब्दांची भीतीही तशीच गेली. बोर्डाची एक ओळ पंधरा घरांची, आणि एकही अक्षर दोनदा न येणारा पंधरा अक्षरांचा शब्द तुम्ही मला दाखवलात: अनकॉपीराइटेबल. प्रत्यक्ष खेळात तो लागणं जवळजवळ अशक्य, पण मुद्दा तो नव्हताच. अन, कॉपी, राइट, एबल असे त्याचे चार तुकडे पाडून दाखवलेत, आणि कॉपीराइटची ओळ किती पुस्तकांना जुळवली असेल याचा हिशेब करत बसलात. वीस अक्षरांचा शब्द पाहिला तरी मी आजही आधी सांधे शोधते.

तुमच्या सांगण्याला पुरावाच हवा असेल तर नायजेल रिचर्ड्स घ्या. हा न्यूझीलंडचा गडी 2007 ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत जिंकून गेला. पुढे 2015 मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, तोही फ्रेंच बोलता येत नसताना, शब्दांच्या याद्या पाठ करून. मग 2024 मध्ये स्पॅनिशचा. अर्थ नंतर बघू, आधी जुळव! त्याची पाठांतराची ताकद मला नाही, तुम्हालाही नव्हती. पण भाषा येत नाही म्हणून अक्षरांनी कुणाला दारातून परत पाठवलं नाही, एवढं तरी पटतं.

हल्ली फोनवर अक्षरं टाकली की त्यांतून होणारे सगळे शब्द क्षणात पुढ्यात येतात, लांबीप्रमाणे लावून. डाव संपल्यावर काय सुटलं ते बघायला मी ते वापरते. डाव चालू असताना नाही. त्या यादीत उत्तर असतं, पण तुमच्या बोटाने सरकवलेल्या तीन टाइल्स नसतात. आमच्या सोसायटीतली मुलं रविवारी माझ्याकडे खेळायला येतात. मीही त्यांची शेपटं सरकवते आणि गप्प बसते. गप्प बसणं फार अवघड आहे काका, तुम्हाला कसं जमायचं कोण जाणे.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. क्यू-आय हा शब्द तुम्ही शब्द मानत नाही, “यू शिवाय क्यू आमच्या केसमध्ये चालत नसे” म्हणता. शब्दकोशात आहे, अकरा गुण आहेत, आणि पुढच्या महिन्यात नाशिकला तुमच्याकडे आले की मी तो लावणार आहे. चॅलेंज करायचं असेल तर खुशाल करा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची