बाबांची पत्रं लिहून देणाऱ्या छोटीस

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

काचबिंदूने बाबांची नजर गेली आणि त्यांचं लिहिणं थांबलं, तेच त्यांना सर्वांत जड गेलं. वर्तमानपत्र वाचून दाखवायला आई होती. पण पलटणीतल्या मित्रांना मनातलं लिहायचं, तर ते कुणाला सांगणार? मी पुण्यात, दादा भोपाळला. तू वरच्या मजल्यावरची, कॉलेजातून आलीस की खाली येऊन बसायचीस आणि बाबा सांगतील ते ५० पैशांच्या पोस्टकार्डावर उतरवायचीस. त्यांना ठसका लागला की थांबायचीस, एखादं वाक्य त्यांनी खोडायला लावलं की नवं कार्ड घ्यायचीस. प्रत्येक पत्राची नक्कल तू वहीत ठेवलीस, हे तर आम्हाला बाबा गेल्यावर कळलं. त्या वहीसाठी हे जाहीर आभार.

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते, १९७१ला पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले, एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक होतं. वहीत त्याची चार पानं आहेत. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीचा एक माणूस ते घेऊन गेला. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेल्या गोळीसकट. पुढे १० तारखेच्या रात्री मोठी लढाई झाली आणि ११ला जमालपूर पडलं. बाबांनी तुला सांगितलेलं वाक्य असं आहे: "गोळीचं सगळेच सांगतात. शत्रूच्या ठाण्यात पत्र घेऊन जो गेला आणि उत्तर घेऊन परत आला, त्याचा विचार माझ्या मनातून जात नाही." हे वाचलं आणि पोस्टमन म्हणून बाबा असे का वागायचे, ते मला पहिल्यांदा नीट समजलं.

फौजेतून परतल्यावर ते माजी सैनिकांच्या कोट्यातून पोस्टात लागले. महाराज बाड्यावरचं पोस्ट, चिटनिसांची गोठ, फालका बाजार, जनकगंज. ग्वाल्हेरचा सगळा लश्कर भाग त्यांनी सायकलवर पालथा घातला. अर्धवट पत्त्याचं पाकीट त्यांनी सहजासहजी परत पाठवलं नाही. वाड्यातले भाडेकरू बदलले, सुना आल्या, कोण कुठे राहायला गेलं, हे त्यांना तोंडपाठ असायचं. मनीऑर्डरवर अंगठा घेताना साक्षीदार हवाच, आणि पैसे त्या बाईच्याच हातात मोजून द्यायचे, मुलगा कितीही घाई करो. ५६ ए.पी.ओ. हा फौजी टपालाचा पत्ता असलेलं पत्र मात्र ते बटवड्यात सर्वांत आधी टाकायचे. त्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, मुलगा कुठल्या सीमेवर आहे हे आईला कळत नाही, कागद तेवढा हाती येतो. आमच्या आजीनेही असाच कागद छातीशी धरला होता, असं त्यांनी ऐकलं होतं. (हेही तुझ्याच वहीत सापडलं.)

एका वाड्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना संस्थानच्या काळातलं पाकीट दाखवलं होतं, ब्रिटिश तिकिटावर 'ग्वालियर' छापलेलं. १८८५पासून आपल्याकडे तशी तिकिटं निघत. ती हकीकत तू दोनदा लिहिली आहेस, कारण बाबांनी दोन मित्रांना ती कळवली. दोन्ही वेळी थोडी वेगळी आहे आणि मला दोन्ही फार आवडल्या.

तू पैसे घेतले नाहीस, आईने दिलेला लाडूसुद्धा लाजत खाल्लास. एकट्या पडत चाललेल्या माणसाचे मित्र तू त्याला परत मिळवून दिलेस. बाबांचा आवाज जसाच्या तसा आमच्या हाती ठेवलास. याची फेड आमच्याकडे नाही.

साताऱ्याकडच्या मित्राचं उत्तर बाबा गेल्यानंतर आलं. मी त्यांना बातमी कळवली आहे. "ही सुवाच्य अक्षराची मुलगी कोण?" असं त्यांनी विचारलंय, तुला चालणार असेल तर तूच लिही. वहीची झेरॉक्स काढून मूळ वही तुझ्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवते आहे. ती तुझ्याकडेच राहावी, असं आईचंही म्हणणं आहे.

तुझी,
खालच्या मजल्यावरची आत्या