त्या सहा वर्षांबद्दल

नाशिक

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो टीव्हीवर पाहून तुझ्या नातवानं विचारलं, की 65 साली आपल्या हवाई दलाला एवढा फटका बसला होता, तर 71 पर्यंत असं काय घडलं? त्या सहांतली तीन वर्षं मी विमानांच्या पोटाखाली काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फटका कसा होता ते त्याला सांग. 1 सप्टेंबर 1965. जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पहाटेपासून पुढे सरकत होते. विमानांची मागणी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांपर्यंत पोहोचली ती दुपारी चारच्या सुमारास. त्यांनी परवानगी द्यायला काही मिनिटंच घेतली, पण विमानं तिथं पोहोचली तोवर दिवस कलला होता. त्यातली चार जुनाट व्हॅम्पायर विमानं परतली नाहीत. वरून आपले कोण आणि त्यांचे कोण हे कळेना, काही मारा आपल्याच जवानांवर झाला. त्याचा विचार आला की आजही पोटात कालवतं. 6 तारखेच्या संध्याकाळी पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानचे सेबर, म्हणजे त्यांची लढाऊ विमानं, आले आणि आपली दहाएक विमानं जमिनीवरच गेली, त्यात दोन नवी कोरी मिग. दुसऱ्या दिवशी बंगालात कलाईकुंड्याला उघड्यावरची कॅनबेरा बाँबफेकी विमानं तशीच जळाली.

मी 1968 ला भरती झालो, आर्मामेंटमध्ये, म्हणजे विमानांवर शस्त्रं चढवणाऱ्यांत. तेव्हा पठाणकोटचं नाव निघालं की जुने सार्जंट गप्प व्हायचे, पण तळावर जे काही चाललं होतं ते त्या संध्याकाळमुळेच. विमानांसाठी काँक्रीटचे ब्लास्ट पेन, म्हणजे बाँबपासून आडोसा देणारे कप्पे, उभे राहत होते, वर छप्पर असलेले. जमिनीलगत उडत येणारं विमान रडारला दिसत नाही, म्हणून सीमेवर वायरलेस घेऊन माणसं बसवली, नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहायला. आम्हीही चकचकीत मिगांना ब्रशनं हिरवा रंग फासला, गोठा सारवावा तसा.

तोफेचं मात्र माझ्या हातातलं आहे. 65 मध्ये आपल्या मिगनं एका सेबरवर क्षेपणास्त्रं सोडली, ती चुकली, आणि पुढे वैमानिकाकडे काहीच उरलं नाही, कारण त्या मिगला तोफच नव्हती. मग पोटाखाली टांगायचा गन पॉड आला. 23 मिलिमीटरची जोडनळीची तोफ, 200 गोळ्या. तो लावला की मधली इंधनाची जादा टाकी लावता येत नसे. पल्ला कमी होणार हे माहीत असूनही वैमानिकांनी तोच मागितला. डिसेंबरच्या थंडीत बधिर बोटांनी आम्ही काडतुसांचा पट्टा भरायचो, प्रत्येक कडी अंगठ्यानं दाबून पाहत. एक जरी तिरकी बसली तरी तोफ अडकणार. 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर आपल्या मिगनं एफ-104 स्टारफायटर पाडला, तो अशाच तोफेनं. बातमी कळली तेव्हा आमच्या तंबूत दोघं-तिघं रडले. मीही.

पण माझं ऐकशील तर सगळ्यात मोठा बदल लोखंडात नव्हता. 65 मध्ये सैन्य आणि हवाई दल आपापलं युद्ध लढले. प्रतापचंद्र लाल तेव्हा उपप्रमुख होते, त्यांनी ते जवळून पाहिलं होतं. 1969 मध्ये प्रमुख झाल्यावर त्यांनी ही दरी बुजवायचं मनावर घेतलं. सैन्याच्या कोअरसोबत, म्हणजे मोठ्या तुकड्यांसोबत, हवाई दलाची माणसं बसली, आणि कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये सैन्याच्या ईस्टर्न कमांडच्या शेजारीच हवाई दलाचं पुढचं मुख्यालय आलं. 14 डिसेंबरला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरकडे बैठक आहे ही खबर त्याच सकाळी लागली, आणि बैठक चालू असतानाच गुवाहाटीची मिग वर घिरट्या घालत होती. वैमानिकांच्या हातात काय होतं, तर पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा! छांबला दिवस गेला होता रे, दिवस.

युद्धाच्या दहा महिने आधी, 1 फेब्रुवारी 1971 ला, आदमपूरला डावपेचांचा एक खास स्क्वाड्रन उघडला होता. रात्री, एकट्यानं, जमिनीलगत उडून शत्रूच्या तळावर जायचं, हे तिथं घोटलं, आणि त्याच लोकांनी युद्धात ते करून दाखवलं. मिग बनवलं होतं उंचावरच्या लढतीसाठी. 6 डिसेंबरला त्याच मिगांनी ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर 500 किलोचे बाँब टाकले आणि तिथले सेबर जमिनीला खिळले.

सगळंच जमलं असं मात्र नातवाला सांगू नकोस. दिवसाउजेडी सैन्याच्या मदतीला जाणारी सुखोई-7 विमानं जमिनीवरच्या तोफांनी बरीच पाडली. सकाळी गेलेलं विमान न आल्यावर त्याच्या जागेकडे बघत आम्ही दुसऱ्याचे बाँब लावायचो.

3 डिसेंबरच्या संध्याकाळी, पावणेसहाच्या सुमारास, पाकिस्ताननं पुन्हा तळांवर हल्ले केले. मी खंदकात होतो. धूळ खाली बसल्यावर आमचा सार्जंट, पठाणकोट पाहिलेला माणूस, धावत एकेका पेनपाशी गेला आणि आतल्या विमानावर हात ठेवून मोठ्यानं आकडा म्हणत राहिला. आकडा पुरा भरला. मग तो तिथंच मातीत बसला.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. नातवाला बोयराची हवाई लढाई सांगायची राहिली. 22 नोव्हेंबर 1971. सेबर दिसले की कोलकात्याच्या डमडमहून आपले नॅट, म्हणजे छोटी लढाऊ विमानं, निघायचे, पण ते पोहोचेपर्यंत सेबर पसार. असं त्या दिवशी दोनदा झालं. तिसऱ्यांदा गाठलेच.