स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि निरोगी माणूस

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या वनौषधींच्या गोळ्या पूर्वी परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी घेतल्या जात. आता पणजी-मडगावच्या फार्मसींत चाळिशी-पन्नाशीतली ठणठणीत माणसेही त्या मागू लागली आहेत. या गोळ्यांचा निरोगी प्रौढांना उपयोग होतो का, याचे उत्तर प्रत्येक वनस्पतीसाठी वेगळे आहे आणि जाहिराती नेमका हाच भेद पुसून टाकतात.

ब्राह्मीचा दावा सर्वस्वी पोकळ नाही. तिचा प्रमाणित अर्क १२ आठवडे देऊन केलेल्या ६ चाचण्यांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवणीच्या १७ कसोट्यांपैकी ९ कसोट्यांत अर्क घेणारे सरस ठरले. बुद्धीच्या इतर अंगांत मात्र लाभाचा पुरावा फारसा आढळला नाही. लाभ आहे तो इतकाच, आणि तोही तीन महिने नियमाने ठरावीक अर्क घेतल्यानंतरचा, त्यामुळे आठ दिवसांत फरक पडण्याच्या आश्वासनाला यातून कोणताही आधार मिळत नाही. शिवाय काहींना मळमळ व जुलाबाचा त्रास होतो, हे वेष्टनावर क्वचितच आढळते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. कुळागरात (सुपारीच्या बागेत) ओलाव्याला पसरणाऱ्या एकपानीलाही (म्हणजे मंडूकपर्णीलाही) अनेक घरांत ब्राह्मीच म्हणतात, पण उपरोक्त चाचण्या लहान, मांसल पानांच्या नीरब्राह्मीवर झाल्या आहेत. एकपानीची चटणी खुशाल खावी (चवीला ती उत्तमच लागते), मात्र एका वनस्पतीचे निष्कर्ष दुसरीला चिकटवता येत नाहीत.

गिंको या विदेशी झाडाच्या पानांच्या अर्काची गोष्ट याहून स्पष्ट आहे. अमेरिकेत ७२ ते ९६ वर्षे वयाच्या ३,०६९ व्यक्तींवर सुमारे सहा वर्षे चाललेल्या चाचणीत रोज २४० मिलिग्रॅम अर्क देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही, आणि बुद्धीची झीजही मंदावली नाही. हे निष्कर्ष २००८ व २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिंको घेऊच नये.

१९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची 'जे'मध्ये, औषधाने करू नयेत अशा दाव्यांत मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा स्पष्टपणे नमूद आहे. असे असूनही अनेक उत्पादने 'आहारपूरक' या नावाखाली तेच सुचवत विकली जातात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा वेष्टनांची तपासणी करावी आणि त्यांवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग व अर्काचे प्रमाण ठळकपणे छापण्याचा आग्रह धरावा. धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेनेही कोणत्या वनस्पतीचा पुरावा कितपत आहे, याची मराठी व कोकणीत छोटी पुस्तिका काढावी. ज्यांना अलीकडेच विसराळूपणा जाणवू लागला आहे, त्यांनी बाटली विकत घेण्यापूर्वी थायरॉइड व बी-१२ची तपासणी करून घ्यावी आणि आपण किती तास झोपतो, हेही डॉक्टरांना सांगावे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
फोंडा, गोवा