आणि शिंपी कुठे गेला?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जीन्सवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी ‘लीवाइज’ जीन्सवाल्या लीवाय स्ट्रॉसला सोन्याच्या खाणीवर नेलं, तंबूचं कापड फाडायला लावलं आणि दोन परिच्छेदांत जीन्स तयार! इतक्या झटपट तर आम्ही उसवलेली शिवणही घालत नाही.

स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोला पोचला १८५३ मध्ये. जीन्सचं पेटंट २० मे १८७३ चं. मधली वीस वर्षं तो कापडचोपडाचा घाऊक व्यापार करत होता. वडील वारल्यावर आई-बहिणींबरोबर बव्हेरियातून आलेला ज्यू पोरगा. न्यूयॉर्कला थोरल्या भावांची पेढी, तिथून माल यायचा. पुढे मेहुणाही धंद्यात आला. स्ट्रॉस स्वतः अविवाहित, त्यामुळे दुकान भाच्यांकडे गेलं. चांगलं नांदतं घरचं दुकान होतं, त्याला तंबूची ठिगळं कशाला?

पँट बनवली ती जेकब डेव्हिसने. रिगाहून आलेला, तोही ज्यू, नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी. लाकूडतोड्याची बायको आली, नवऱ्याला टिकेल अशी पँट हवी म्हणाली. घोड्याच्या झुलींना मारायची तांब्याची रिबिटं हाताशी होती, ती याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. कापड स्ट्रॉसकडूनच घेतलेलं. १८७२ मध्ये त्याने स्ट्रॉसला पत्र लिहिलं, पेटंट निम्मं-निम्मं ठरलं. पेढीचे कागद १९०६ च्या भूकंपाच्या आगीत जळाले म्हणून दंतकथा फोफावल्या, हे कबूल. पण पेटंटवर डेव्हिसचं नाव अजून शाबूत आहे. आपल्या पूर्ण पानभर लेखात मात्र ते एकदाही नाही.

मला हे का झोंबलं ते सांगतो. माझे वडील गिरगावातल्या एका दुकानासाठी नगावर शाळेच्या अर्ध्या चड्ड्या शिवत. गोट्यांनी पोरांचे खिसे फाटतात म्हणून ते खिशाच्या तोंडाशी आतून जाड कापडाची चकती लावून दुहेरी टीप मारू लागले. चड्डी फाटेना. महिन्याभरात दुकानावर पाटी लागली, ‘आमची खास मजबूत चड्डी’. मजुरी तीच राहिली, चकतीचं कापडही वडिलांच्याच चिंध्यांतलं. मालकाच्या नावाचं लेबल चड्डीला लावायचं, तेही वडीलच शिवत. चारही कडा सरळ. त्यापुढे स्ट्रॉस देवमाणूस म्हणायचा. त्याने निदान डेव्हिसला भागीदारी दिली, कारखान्यावर देखरेखीला बोलावलं.

आणखी एक. ‘डंगरी’ (जाड कापडाची कामाची पँट) हा शब्द आपल्या डोंगरीवरून गेला, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून. आपलं कार्यालय मुंबईत असून हे लेखात नाही. रेनो लांब पडतं, समजू शकतो. डोंगरीला जायला बस आहे.

जाता जाता: तो लेख निळ्या पानावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापायची कल्पना कोणाची? जीन्स निळी म्हणून? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. नातवाने मोबाइलचा दिवा धरला तेव्हा कुठे वाचता आला, आणि वाचून हे असं.

पत्र छापलंत तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने छापावं, ही विनंती.

आपला जुना वाचक,
डोंबिवली