चित्राखाली नाव लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बत्तीस वर्षे मी वसई रोड ते चर्चगेट आणि परत असा लोकलने प्रवास केला, पण खिडकीबाहेर काय आहे ते निवृत्त झाल्यावर कळले. रोज जाणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात दोन पाय टेकले तरी पुरे असे असते. बसायला मिळालेच तर मांडीवर मटारच्या शेंगा, नाहीतर डुलकी. भिंतीवर कुणी काय काढले आहे हे बघायला मान वळवायची तर शेजारणीचा अंबाडा तोंडात.

आमचा पाच जणींचा ग्रुप अजून टिकून आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू, नवरात्रातले नऊ रंग, एकीच्या मुलीचे केळवण, सगळे चालत्या गाडीत झालेले. आता वर्षातून एकदा, पाचही जणींना खिडकी मिळेल अशा दुपारच्या वेळी, आम्ही गाडीनेच फिरायला निघतो. यंदा जानेवारीत ठरले की चर्चगेटपासून डहाणू रोडपर्यंत जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मी वसईची, म्हणजे आधी उलटे चर्चगेटला जायचे आणि मग आपल्याच स्टेशनवरून पुढे जायचे. पण ठरले ते ठरले. आमच्यातल्या एक जण शाळेत चित्रकला शिकवायच्या, त्यांना आम्ही मास्तरीणबाई म्हणतो. हे पत्र त्यांच्यामुळे लिहिते आहे.

गाडीत बसण्याआधीच त्यांनी आम्हाला रस्त्यावर, पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयासमोर उभे केले आणि वर बघायला लावले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेली, १८९९ साली पुरी झालेली ही इमारत. तिच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर अभियांत्रिकीचे प्रतीक म्हणून एक मूर्ती आहे आणि तिच्या हातात चक्क रेल्वेचे इंजिन! खेळण्यातले असावे तेवढे. बत्तीस वर्षे मी तिच्याजवळून पळत गेले. मला ती नवीन होती. मास्तरीणबाईंना शिल्पकाराचे नावही ठाऊक होते, रॉस्को मलिन्स. मग चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे गांधीजींचे मोठे रंगीबेरंगी चित्र पाहिले. ते एदुआर्दो कोब्रा या ब्राझीलच्या चित्रकाराचे. दोन्ही नावे मी वहीत टिपून घेतली. दिवसभर असेच टिपत जाऊ असे वाटले होते.

स्लो गाडी घेतली. दादर गेल्यावर डाव्या हाताला सेनापती बापट मार्गाची, म्हणजे आपल्या तुलसी पाईप रोडची लांबलचक भिंत लागते. २००९ साली महापालिकेने ही भिंत लोकांना रंगवायला मोकळी करून दिली होती आणि शाळकरी पोरांपासून आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांपर्यंत शेकडो जण ब्रश घेऊन आले होते. गंमत अशी की चित्रे रस्त्याच्या अंगाला, त्यामुळे आम्हा गाडीवाल्यांना बत्तीस वर्षांचा पास काढूनही भिंतीची पाठच! माहीमला मात्र उट्टे निघाले. स्टेशनच्या पूर्वेला इमारतींच्या भिंतींवर मजले मजले उंचीची चित्रे आहेत आणि ती गाडीतून दिसतात. लेडीजच्या खिडकीला जाळी असते, तरी दिसतात. आम्ही पाचही जणी एकाच बाजूला वाकलो तेव्हा समोरची कॉलेजची मुलगी मोबाइलमधून डोके काढून आमच्याकडे पाहू लागली. मी वही उघडली. नाव? मास्तरीणबाईंनी एकदोन अंदाज सांगितले आणि मग म्हणाल्या, “राहू दे, चुकीचं लिहू नकोस.”

तिथून पुढे वही जवळजवळ कोरीच राहिली. फलाटांवर, जिन्यांवर, पुलांच्या कठड्यांवर चित्रे कितीतरी. २०१६ साली गांधी जयंतीच्या आठवड्यात हजारो स्वयंसेवकांनी उपनगरी स्टेशने धुऊन, घासून रंगवली, त्यातली काही अजून तग धरून असतील, काही त्यानंतरची. कोळीण आहे, डबेवाला आहे, फ्लेमिंगो आहेत, वारकरी आहेत. काही बेतास बात आहेत, हेही सांगायला हवे. एका डबेवाल्याचे दोन्ही पाय डावे आहेत. पण काही इतकी जिवंत की गाडी सुटली तरी डोळे मागे राहतात. ती कुणाची, हे मात्र कुठेच नाही. त्याच फलाटावर सरकत्या जिन्याच्या उद्घाटनाची कोनशिला असते आणि तिच्यावर ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’ अशी नावे दाटीवाटीने उभी असतात. त्यांच्यापैकी एकालाही जिना बांधता येत नसणार.

एका स्टेशनचे नाव मुद्दाम घेत नाही. तिथे आम्हा पाच जणींच्या लाडक्या कोळणीचे चित्र होते. कानातले, अंबाड्यातला गजरा, कंबरेवर हात, “घेणार का नुसतं बघणार?” असे विचारणारी नजर. यंदा पाहिले तर तिच्यावर कुठल्याशा सरबताच्या जाहिरातीची लोखंडी चौकट ठोकलेली. एक स्क्रू थेट गालात. चौकटीखाली फक्त टोपली आणि पापलेटाची शेपटी शिल्लक. चौकशी केली तर तिकीट खिडकीवरचा माणूस बिचारा म्हणाला, “मॅडम, ते पेंटिंग कुणाचंच नव्हतं ना.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. जाहिरातीच्या फळीचा करार असतो, भाडे असते, मालक असतो. खाली नाव नसलेले चित्र म्हणजे मोकळी भिंत.

विरारला गाडी बदलली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड… डबे उघडले, भाकरी आणि मेथीची भाजी झाली. वाणगावच्या पुढे डब्यात चिकूच्या पाट्या दिसू लागल्या की डहाणू आले समजायचे. हा वारल्यांचा मुलूख. इथल्या स्टेशनावर वारली चित्रे नसती तरच आश्चर्य! दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून उभी केलेली माणसे, गोल फिरणारा तारपा नाच, ताडावर चढणारा गडी. मास्तरीणबाई भिंतीजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “ही रांग हातची आहे, आणि ही बघ, ही स्टेन्सिलची.” मग आम्हालाही दिसले. हातच्या रांगेत प्रत्येक नाचणाऱ्याची कंबर वेगळी लचकलेली. स्टेन्सिलच्या रांगेत सगळे एकाच मापाचे, जणू कवायतीला उभे. दोन्हीखाली नाव नाही, त्यामुळे दोन्ही सारखीच.

इथे मला कुणी अडवेल, आणि बरोबर अडवेल. वारली चित्राखाली सही कधी होती? लग्नघरात कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक, म्हणजे देवीचा चौकोन लिहीत, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणे. (‘काढत’ नव्हे, ‘लिहीत’, तिकडे चित्र लिहितात.) लग्न झाले की चित्राचे काम संपले. पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली. कुणी नाव लिहिले नाही आणि कुणाचे अडलेही नाही. मी हा मुद्दा गाडीत काढला तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, “त्या घरात ती कुणी लिहिली ते सगळ्या पाड्याला माहीत असायचं. इथे कोणाला माहीत आहे?”

पुढचे त्यांनीच सांगितले. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले आणि त्यांनी इथल्या लोकांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नकार्याशिवायही रोज चित्र लिहू लागले, जगभर पोचले, २०११ मध्ये पद्मश्री झाले, २०१८ मध्ये गेले. चित्र पाड्याबाहेर पडले तसे नाव सोबत लागले. स्टेशनची भिंत तर पाड्याबाहेरचीच. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. मग त्याच मातीतल्या भिंतीवर ते लिहिणाऱ्याचे नाव आणि गाव घालायला कितीसा रंग लागतो?

ही सवय जुनी आहे म्हणा. सीएसएमटीच्या दर्शनी भागावर त्या काळच्या रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत, त्यात आपले नाना शंकरशेटही आहेत. त्याच इमारतीवरची पाने, फुले, मोर, माकडे यांचे कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले. २००४ मध्ये युनेस्कोने इमारत जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात त्या मोरा-माकडांचाही वाटा असणार. संचालक कोण ते दगडावर पाहता येते. मोर कुणाचा, हे तिथे उभे राहून कळत नाही.

माझी मागणी फार छोटी आहे. रेल्वेच्या हद्दीत जे चित्र परवानगीने काढले जाईल, त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात वीतभर जागेत चित्रकाराचे नाव, गाव आणि साल त्याच रंगाने लिहावे. शाळेने काढले असेल तर शाळेचे नाव आणि इयत्ता. वेगळी पाटी नको, संगमरवर नको, उद्घाटन तर मुळीच नको. आणि नाव असलेल्या चित्रावर फळी, पाइप किंवा वायरची पेटी ठोकण्याआधी त्या माणसाला निदान एक फोन जावा. चित्र कायम राहावे असा हट्ट नाही. पाऊस, लोखंडाची भुकटी आणि पानाच्या पिचकाऱ्या यांच्यापुढे कुठलाच रंग टिकत नाही. पण जाईल तेव्हा कुणाचे गेले ते कळावे.

आपल्या मुंबई आवृत्तीत आठवड्यातून एकदा बोटभर जागा देऊन एका स्टेशनवरचे एक चित्र छापावे आणि “हे कुणी काढले?” एवढेच विचारावे, अशी विनंती आहे. उत्तरे येतील. २०१६ च्या त्या आठवड्यात हात रंगवून घेतलेली पोरे आता पंचविशी-तिशीत असतील आणि त्यातली निम्मी आज त्याच फलाटावरून फास्ट पकडत असतील. सुरुवातीला आमच्या कोळणीचा फोटो सोबत जोडला आहे, २०१९ चा, चौकट ठोकण्याआधीचा. फोटो आमच्यातल्या एकीने धावत्या गाडीतून काढलेला असल्याने कोपऱ्यात जाळी आली आहे.

नाव-पत्ता वेगळ्या कागदावर आहे. कृपया छापू नये. नावांसाठी एवढा आग्रह धरणाऱ्या बाईने स्वतःचे झाकावे हे विनोदी आहे याची कल्पना आहे, पण त्या दिवशी मी घरी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते असे सांगून निघाले होते.

आपली,
एक जुनी पासधारक, वसई रोड